मुलांच्या ताटातला मासा कोणी पळवला?

हल्ली आपल्या घरांत एक नवा मासा शिरला आहे. तो अरबी समुद्रात सापडत नाही, कोळणीच्या टोपलीतही नसतो. तो मोबाईलवर येतो. त्याचं नाव कॉड. ‘बाळ सहा महिन्यांचं झालं की कॉड द्या’ असे सल्ले आपल्या सुशिक्षित आया एकमेकींना पाठवतात. आखातातून सुटीवर येणाऱ्या भावाला कॉडच्या तेलाच्या गोळ्या आणायला सांगतात. आणि दारात आलेल्या मासेवाल्या मावशीला परत लावतात, ‘लहान मूल आहे, घरात वास नको’ म्हणून!

कॉडशी माझं भांडण नाही. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला हा मासा नॉर्वे, आइसलँड, ब्रिटन इथल्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे. मांस पांढरं, काटे मोठे आणि सहज निघणारे, चव सौम्य, पारा कमी. इंग्लंडमधली आई तो दुधात शिजवते, कुस्करते, वर बटाट्याचा थर देऊन भाजते आणि पोराला भरवते. ती कॉड देते, कारण तिच्या गल्लीतल्या दुकानात कॉड मिळतो. तिच्याकडून आपण घ्यायची आहे ती पद्धत: मऊ, बिनकाट्याचं, बिनमिठाचं, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. आपण पद्धत सोडली आणि नाव तेवढं उचललं.

गोळ्यांचंच घ्या. कॉडच्या मांसात चरबी फार कमी असते. तेल निघतं ते त्याच्या यकृतातून, आणि त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं. अ जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं, जास्त झालं तर अपाय करतं. आपल्याकडे नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी लसीकरणात त्याचे डोस मिळतात. वरून डॉक्टरांना न विचारता परदेशी गोळी देणं हा शहाणपणा नव्हे. शिवाय त्या गोळीचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. ते कोणत्या जनावराचं? हॉटेलात कोंबडी हलाल आहे का, हे तीनदा विचारणारे आपण बाटलीवरची बारीक अक्षरं मात्र वाचत नाही. आणि ज्या ओमेगा-3 साठी ही धावपळ चालते, ते आपल्या बांगड्यात आणि तारलीत कॉडच्या मांसापेक्षा जास्त असतं. तेही कितीतरी स्वस्तात.

मासा पळवणारा दुसरा हात घरातलाच आहे. ‘मासे खाऊन दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं,’ असं दादी-नानी सांगतात आणि एमए झालेली सूनही मान डोलावते. कोड हा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर केलेल्या हल्ल्याचा परिणाम आहे, मासे आणि दुधाच्या जोडीने तो होत नाही. तसं असतं तर दुधात कॉड शिजवणारा अर्धा इंग्लंड आणि दह्यात मासे रांधणारा बंगाल कोडाने भरून गेला असता. या समजुतीपायी मुलाचा मासा तर जातोच, पण कोड असलेल्या माणसाकडेही ‘काहीतरी भलतंच खाल्लं असेल’ अशा नजरेने पाहिलं जातं. हा दुहेरी अन्याय आहे.

तिसरा हात शाळेचा आहे, आणि शिक्षक म्हणून मला तो सर्वांत जास्त सलतो. वर्गात डबा उघडतो, एक पोरगा नाक दाबतो, बाकीचे हसतात, आणि बाई म्हणतात, ‘उद्यापासून असलं आणू नकोस हं.’ दुसऱ्या दिवशी डब्यात जाम-पाव येतो. खरं तर कडक उन्हात चार तास डब्यात राहिलेला मासा मीही मुलाला देणार नाही, तो घरी गरम खावा. पण तसं सांगणं वेगळं आणि ‘असलं’ म्हणणं वेगळं. ‘असलं’ या एका शब्दात मुलाचं घर, आईचा हात, सगळं येतं. कोळ्याचं मूल, कोकणी मुसलमानाचं मूल, आदिवासी मूल असं आपल्या ताटाची लाज बाळगायला शिकतं. पुढे शहरात फ्लॅट शोधताना सोसायटीच्या भीतीने खिडक्या बंद करून मासे तळणारे आईबाप हीच शिकवण पुढे चालवतात.

चैनीच्या आवडीनिवडीचा हा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या 35 मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरातल्या जवळजवळ 69 मुलांना रक्तक्षय होता. जागतिक आरोग्य संघटना 2023 पासून सांगते आहे की सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाच्या रोजच्या खाण्यात मांस, मासे किंवा अंडी असावीत. ज्या समाजाला मासा खायला कोणतीही धार्मिक आडकाठी नाही, त्याने तो मुलाच्या तोंडून काढून घ्यावा?

धर्माचं म्हणाल तर सूरह माइदामध्ये समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे. माशाला जबह लागत नाही. खेकड्यावर कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी यांच्यात मतभेद आहेत, कोळंबीवर हनफी उलमांमध्येच आहेत. माशावर मात्र सर्वांचं एकमत आहे.

आता ‘द्यायचा कसा’ हा रास्त प्रश्न. बाळ सहा महिन्यांचं होऊन मऊ अन्न घेऊ लागलं की सुरुवात करा. रावस किंवा पापलेटचा ताजा तुकडा मीठ-मसाल्याशिवाय वाफवा. स्वच्छ बोटांनी दोनदा चाचपून काटे काढा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. मऊ भातात चमचाभर कालवा. पहिल्यांदा दिवसा द्या, त्या दिवशी दुसरं नवं काही देऊ नका. ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, वारंवार उलटी झाली तर थांबवून डॉक्टर गाठा. श्वास लागला तर तडक दवाखाना. घरात कुणाला माशाची अ‍ॅलर्जी असेल किंवा बाळाला इसब असेल तर आधीच विचारून घ्या. ओला बोंबील मधला काटा काढून छान कुस्करतो. मराठवाडा-विदर्भातल्यांनी मरळ घ्यावा, त्याला काटे कमी. रोहूत बारीक दुहेरी काटे असतात, तो लहानग्यांना नको.

मोरी बिनकाट्याची म्हणून मुलांना हौसेने देतात. ती शार्क आहे, आणि मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. ती मुलांच्या ताटात नसलेलीच बरी. बांगडा बर्फात ठेवलेलाच घ्या. उन्हात पडून राहिलेल्या बांगड्यात तयार होणारं विष शिजवूनही जात नाही, आणि मग अंगावर उठलेलं पित्त आपण अ‍ॅलर्जी समजतो. खारवलेली सुकट वर्षाच्या आत नको.

मूल तोंड फिरवेल. फिरवू द्या, आठवड्याने पुन्हा द्या. दोन वर्षांच्या मुलाला बटाट्यात मासा मिसळून, रव्यात घोळवून तव्यावर छोटं कटलेट करा. सर्वांसोबत दस्तरखानवर बसवा आणि तुम्ही स्वतः चवीने खा. पाहून खाणं हीच मुलांची पहिली शाळा.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या लेकी-सुनांनी खुशाल कॉड द्यावा, तिथला तो ताजा मासा आहे. रत्नागिरीत, मालवणात, अलिबागेत राहून कॉडची वाट पाहणाऱ्यांना मात्र एवढंच सांगणं आहे: उद्या सकाळी मावशीची हाक आली की दार उघडा.