आधी दरपत्रक दाखवा

नागपुरात रामदासपेठेतल्या रुग्णालयाच्या काउंटरवर आजार काय हे नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, "इन्शुरन्स आहे का, काका?" खोली कोणती, तपासण्या किती आणि बिल केवढं, हे पुष्कळदा या एका उत्तरावर ठरतं.

आरोग्य विम्यातल्या सुधारणांची जी मोठी चर्चा देशात चालली आहे, तिच्यात हा काउंटर कुठेच नाही. चर्चा झाली ती हप्त्यावरच्या कराची, आणि तिला तोंड फुटलं आपल्याच नागपुरातून. इथल्या एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं निवेदन दिलं आणि त्यावरून नितीन गडकरींनी जुलै २०२४ मध्ये थेट अर्थमंत्र्यांना लिहिलं की आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी मागे घ्या. पत्र बाहेर आलं, विरोधकांनी संसदेच्या दारात निदर्शनं केली, आणि वर्षभराच्या खलानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा कर शून्य झाला. पंचवीस हजारांच्या हप्त्यामागे साडेचार हजार वाचले. गडकरींचं श्रेय त्यांना द्यावंच. समूह विम्यावरचा कर मात्र तसाच राहिला.

पण हे साडेचार हजार टिकणार किती दिवस? कर गेला तसं कंपन्यांचं इनपुट टॅक्स क्रेडिटही, म्हणजे खर्चावर भरलेल्या कराची वजावटही, गेलं, आणि ती खोट कंपनी स्वतःच्या खिशातून भरून काढेल असं मानणाऱ्याला माझा नमस्कार. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला, असं विमा नियामकानं जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावलं. वा! दर वर्षी १० टक्के वाढवत गेलं तरी आठ वर्षांत हप्ता दुपटीच्या पुढे जातो. पेन्शन जाते का?

कंपन्यांना विचारलं तर त्या रुग्णालयांकडे बोट दाखवतात, उपचार महागले म्हणतात. रुग्णालयं म्हणतात, कंपन्या जुन्याच दरांना चिकटून बसल्यात. दोघांची भांडणं कॅशलेस बंद करण्याच्या धमक्यांपर्यंत जातात, आणि फाइल घेऊन टीपीए डेस्कसमोर, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्यांच्या टेबलासमोर, ताटकळतो तो बालाघाटहून, गडचिरोलीहून आलेला माणूस. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या, असा नियम २०२४ पासून आहे. तो त्या माणसाला कुणी सांगत नाही.

खरी गोम दरात आहे. एकच शस्त्रक्रिया घ्या. तीच खाट, तोच सर्जन, तेच थिएटर. केंद्र सरकारचा निवृत्त कर्मचारी आला तर केंद्राच्या आरोग्य योजनेचा, सीजीएचएसचा दर. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतला आला तर त्या पॅकेजचा दर. सरकारी विमा कंपनीची पॉलिसी असेल तर तिच्या पीपीएनचा, म्हणजे ठरवून घेतलेल्या रुग्णालयांच्या जाळ्याचा, वेकोलिचा (वेस्टर्न कोलफिल्ड्सचा) माणूस असेल तर त्यांच्या कराराचा. आणि रोख पैसे मोजणारा आला तर? तर देव जाणे. ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्यालाच सगळ्यात चढा दर. बाजारात याला सौदा म्हणतात, पण बाजारात निदान पुढच्या दुकानात जाता येतं. छातीत कळ आलेल्या माणसानं काय धंतोलीतली रुग्णालयं फिरून भाव काढायचे?

दर बांधता येत नाहीत, हे सांगू नका. हृदयाचा औषध-लेपित स्टेंट फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारी दरबंदीनं तीस हजारांच्या आत आला. हृदयविकाराचं शास्त्र काही बुडालं नाही. २१ मे २०२० ला महाराष्ट्र सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले होते: साधा वॉर्ड रोज ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महामारी होती म्हणून जमलं म्हणे. आणि दर नसले की काय होतं, ते औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीएनं २०१८ मध्ये दाखवलं. दिल्ली परिसरातल्या चार रुग्णालयांची बिलं तपासली, तर औषधं आणि सिरिंज-कॅथेटरसारख्या वस्तूंवरचा नफा काही ठिकाणी १,७०० टक्क्यांच्या वर निघाला.

छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांची तक्रार मला ठाऊक आहे. योजनांचे पैसे सरकार महिनोन्‌महिने लटकवतं, तेव्हा त्याचा भार दुसऱ्या कुणाच्या तरी बिलावर पडतो. तक्रार खरी आहे. पण मग लढा मंत्रालयाशी, पेशंटच्या नातेवाइकाशी नको.

रुग्णालयांच्या नियमनाचा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. महाराष्ट्रानं तो स्वीकारलाच नाही. सरकारं येऊन गेली, आपण स्वतःचा कायदा आणू म्हणत राहिली, आणि आजही कारभार १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर चालतो. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं झालं. शहरात ते बघायचं काम महापालिकेचं. नो-पार्किंगमधल्या गाड्या उचलायला शहरात माणसं मिळतात. दरपत्रक पाहायला मिळत नाहीत?

तेव्हा विम्याच्या सुधारणेवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी आधी एवढं करावं: राज्याला कायदा करायला लावावा आणि महापालिकेला रामदासपेठेत पायी फिरवावं. आणि तुम्ही, वाचकहो, डिपॉझिट भरायच्या आधी दरपत्रक मागा, लेखी मागा. नाही दिलं तर महापालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार टाका आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.