बैल ओढून पाहायला हवा होता

गेल्या पोळ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा परीक्षक झालो आणि माझ्या हातून निकाल चुकला. कुणी तक्रार केली नाही, भांडण झालं नाही. तरीही तो निकाल डोक्यातून जात नाही, म्हणून आजची शनिवारची सकाळ त्याच्यावर घालवतोय.

घटनास्थळ कौंडण्यपूर. माझ्या आईचं माहेर, आणि तिच्या बरंच आधी रुक्मिणीचं :-) वर्धा नदीच्या काठावरचं गाव. अलीकडे अमरावती जिल्ह्याचा तिवसा तालुका, पलीकडे वर्धा जिल्हा. पोळ्याला जोडून सुट्टी मिळाली म्हणून मी मामाकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा म्हणाला, "अबे इंजिनेर, मंडळाले तिसरा परीक्षक पाहिजे. बस तिथं खुर्चीत, तुले कोन वळखते?" कुणी ओळखत नाही हीच माझी पात्रता. तशी ती वाईट नाही म्हणा.

आता पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या विदर्भात पोळा दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशी पोरांचा. त्याला म्हणतात तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ च्या सुमारास तो सुरू केला असं सांगतात. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवतात, दोरी धरून ओढत तोरणाखाली आणतात आणि मग घरोघर फिरून 'बोजारा' गोळा करतात. बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर त्याच्या भल्यामोठ्या लाकडी बैलांसाठीच प्रसिद्ध आहे. आणि जिथे पोरं आणि बैल तिथे स्पर्धा आलीच: उत्कृष्ट सजावट, पहिला, दुसरा, तिसरा.

तर साठेक पोरं, तीन परीक्षक आणि अर्धा तास. हिशोब करा. एका पोराच्या वाट्याला ३० सेकंद. माझ्या हातात एक कागद, त्यावर नावं आणि नावापुढे १० पैकी गुण द्यायची जागा. कशाचे १०, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

पहिला नंबर आला तो एका जवळजवळ चार फूट उंच बैलाचा. सागवानी, पॉलिश केलेला, मखमली झूल, पितळी घुंगरमाळा, शिंगांवर रंग बदलणारे एलईडी. मालक वय वर्षे सात. बैल ओढायला दोन मोठी माणसं लागत होती. तिघांनीही त्याला ९ किंवा १० दिले. कुणी दबाव आणला नाही, कुणी कानात काही सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण असा विषय निघाला की आपण लगेच 'सेटिंग' शोधतो. सेटिंग नव्हतं. जे मोठं आणि चकचकीत ते चांगलं, असं मला आपोआपच वाटलं.

बक्षिसं वाटून झाली, पांगापांग सुरू झाली. मी चहा पीत उभा असताना समोरून दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा बैल ओढत चालला होता. वीतभर उंचीचा, सरपणातल्या लाकडाचा ओबडधोबड बैल. जुन्या साडीच्या काठाची झूल. चाकं म्हणजे डब्यांची झाकणं. मी त्याला ४ दिले होते. आणि तो बैल चालता चालता मान हलवत होता! खरा बैल गाडीला जुंपला की पावलागणिक मान खालीवर करतो ना, अगदी तशी.

मी त्याला थांबवून बैल उलटा करून पाहिला. मागच्या चाकांचा आस म्हणून सायकलचा स्पोक लावलेला आणि तो मधोमध वाकवून त्याला कोपर काढलेला. चाक फिरलं की कोपर फिरतो, कोपराला बांधलेली तार मागेपुढे होते आणि तारेचं दुसरं टोक मानेला. मान एका जुन्या बिजागरीवर. थोडक्यात, क्रँक! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्याची आकृती मी फक्त पाठ केली होती, ती या पोराने सरपण आणि भंगारातून उभी केली होती.

मी विचारलं, "हे मघाशी का नाही दाखवलंस?"

"तुमी ओढाले लावलंच नाई. सर म्हने लाइनीत सरके उभे राहा."

मग जरा थांबून त्याने मला विचारलं, "दादा, नंबर देतांनी तुमी काय पायत होते?"

रागाने नाही. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पुढच्या वर्षीचा बैल करायचा असणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खिशातून ५० रुपये काढून त्याला बोजारा म्हणून दिले आणि स्वतःलाच आणखी लहान वाटलो.

चाकं असलेली वस्तू आम्ही तिघा सुशिक्षित माणसांनी उभी करून तपासली. ती ओढायची असते हे साठही पोरांना माहीत होतं.

आता थोडं विषयांतर. कॉलेजात असताना मला केस मॉडिंगचा नाद होता. आपण ज्याला सरसकट 'सीपीयू' म्हणतो त्या कॅबिनेटला कापायचं, रंगवायचं, नवं रूप द्यायचं. १९९०च्या दशकाच्या शेवटी, सगळी कॅबिनेटं मळकट पांढरी असायची त्या काळात हा छंद फोफावला. लोक बाजूच्या पत्र्याला खिडकी पाडायचे, अ‍ॅक्रिलिक बसवायचे, आत दिवे लावायचे. पुढे कंपन्या हे सगळं कारखान्यातूनच करून द्यायला लागल्या. मीसुद्धा हॉस्टेलवर ग्राइंडरने पत्रा कापला आहे आणि वॉर्डनच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

या छंदाच्या स्पर्धा होतात आणि तान्हा पोळ्यात आम्ही जिथे अडखळलो तिथेच त्याही अडखळत आल्या आहेत. कुणाला कंपन्यांकडून महागडे सुटे भाग फुकट मिळतात, कुणी पगारातून एकेक पंखा घेतो. बाहेरून सुंदर दिसणारी पेटी आतून तापून बंद पडत असेल तर तिला गुण किती? मित्रपरिवार मोठा असेल त्याला लोकांची मतं जास्त पडतात, त्याचं काय?

त्यांनी शोधलेली उत्तरं मला फार शहाणपणाची वाटतात. कूलर मास्टर कंपनीच्या 'केस मॉड वर्ल्ड सीरिज'मध्ये दोन वेगळे गट असत. तयार कॅबिनेटमध्ये बदल करणाऱ्यांचा एक आणि शून्यापासून पेटी बांधणाऱ्यांचा दुसरा. म्हणजे विकत घेऊन सजवणं यात लाज नाही, पण त्याची तुलना त्याच जातीच्या कामाशी. दुसरी चांगली पद्धत म्हणजे काम करताना टप्प्याटप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवायच्या. त्यातून दोन गोष्टी साधतात. काम कुणी केलं हे परीक्षकाला कळतं, आणि हरलेल्याला जिंकलेल्याकडून शिकता येतं. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मी पत्र्याच्या कापलेल्या कडेला रबरी पट्टी लावायला शिकलो ते अशाच कुणा अनोळखी माणसाच्या नोंदींवरून. त्याला बक्षीस मिळालं होतं का, हे आता आठवतही नाही.

हे काही फक्त परदेशी शहाणपण नाही. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक पाहा. महाराष्ट्रीय कलोपासक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून घेते. तिथे भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. भपकेबाज नेपथ्याचा आणि प्रकाशयोजनेचा उपयोग नाही. एका नियमाने पैशाचा फायदा बराचसा कापला आणि साध्या कॉलेजातली पोरंही मोठ्या कॉलेजांसमोर उभी राहिली. तिथल्या निकालांवरून वाद होत नाहीत असं नाही, चांगले कडाक्याचे होतात. पण वाद घालणाऱ्याला निदान कशावरून घालायचा ते माहीत असतं.

आणि आमच्याच जिल्ह्यात शंकरपट आहे. तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध. बैलजोडी धावते, घड्याळ सेकंद दाखवतं, कमी वेळ तो पुढे. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. शर्यत असावी की नसावी यावर एवढी वर्षं कोर्टात गेली, पण जोडी जिंकली की हरली हे सांगायला घड्याळ पुरे. सजावटीला असं घड्याळ नसतं. म्हणूनच तिथे परीक्षकाची जबाबदारी जास्त, आणि नेमकं तिथेच आपण कुणालाही उचलून खुर्चीत बसवतो. (उदाहरणार्थ, मी.)

लोक म्हणतील, अरे लहान पोरांचा खेळ आहे, एवढं काय मनावर घेतोस? मामाही हेच म्हणाला. "सगळ्याइले एक-एक वही न् पेन देल्ला ना, झालं." पण सगळ्यांना वही-पेन दिल्याने प्रश्न मिटत नाही. ज्याचा बैल मान हलवतो त्याला वहीपेक्षा कुणीतरी 'हे कसं केलंस?' असं विचारायला हवं असतं. पोरांना हरल्याचं दुःख रात्रीपर्यंत पुरतं. आपलं काम कुणी पाहिलंच नाही हे मात्र लक्षात राहतं, आणि पुढच्या वर्षी ते पोरगं बापाकडे मोठा बैल मागतं किंवा येतच नाही.

दुसरा आक्षेप जरा खरा आहे. आईबापांनी मदत करायचीच नाही का? सुताराच्या पोराला घरातच रंधा मिळतो, ती मदत नाही का? आहे. ती थांबवताही येणार नाही, आणि थांबवू नये. बापाशेजारी बसून पोरगं रंधा मारायला शिकत असेल तर ते स्पर्धेपेक्षा मोठं आहे. मदतीवर बंदी घालण्यापेक्षा पोरालाच विचारावं: यातलं तू काय केलंस? ३० सेकंदांत कळतं. ज्याने केलंय तो थांबता थांबत नाही, आणि ज्याने नाही केलं तो बापाकडे बघतो.

त्या सात वर्षांच्या पोरावर माझा काहीच राग नाही हेही सांगतो. उलट त्या संध्याकाळी मी जे पाहिलं त्यात तोही होता. मी तो बैल उलटा करून पाहिला तेव्हा आजूबाजूला दहा-बारा पोरं जमली. त्यांत हा पहिला नंबरवाला, हातात शिल्ड घेऊन. तो म्हणाला, "मले बी दाखव ना बे." आणि वीतभर बैलवाल्याने आढेवेढे न घेता दाखवलं. स्पोक कुठून आणला, कोपर वाकवताना दोनदा कसा मोडला, तार सैल ठेवली तर मान का अडकते, सगळं. शिल्ड जमिनीवर पडली होती आणि तिचा मालक मातीत बसून झाकणाचं चाक फिरवून बघत होता. मंडळाने जी स्पर्धा भरवली ती मंडपात संपली होती. खरी तिथे मातीत चालली होती, आणि तिला परीक्षक लागत नव्हता.

मग परीक्षक हवाच कशाला? मला वाटतं, हे जे मातीत झालं ते मंडपात सगळ्यांसमोर व्हावं, एवढ्यासाठी. नंबर त्यानंतर.

पुण्याला परतल्यावर मी मामाला फोन करून निकाल चुकल्याचं कबूल केलं आणि काही सूचना सांगितल्या. तो म्हणाला, "लिहून धाड." मग लिहून धाडल्या:

१. गुण कशाचे, हे पोळ्याच्या आठ दिवस आधी शाळेच्या फळ्यावर लिहा. अर्धे गुण पोराने स्वतः केलेल्या कामाला.

२. गट दोन करा. विकत आणून सजवलेले बैल आणि घरी केलेले बैल.

३. ज्याच्या घरचं पोरगं रांगेत आहे त्याने परीक्षक होऊ नये.

४. प्रत्येक पोराला एक प्रश्न विचारा. ३० सेकंद पुरत नसतील तर भाषणं कमी करा.

५. निकाल सांगताना कारणही सांगा, आणि पहिल्या तिघांनी आपला बैल कसा केला ते माइकवर सांगावं.

६. प्रत्येक बैल ओढून पाहा.

मंडळाने अजून काही कळवलेलं नाही. चौथा मुद्दा जड जाईल असा माझा अंदाज आहे, आमच्याकडे भाषण कमी करणं म्हणजे नाराजी ओढवून घेणं. पण मामाने एक निरोप दिला. त्या पोराने पुढच्या बैलाची तयारी सुरू केलीय. आता म्हणे शेपटीही हलणार आहे.

तर मंडळी, यंदा पोळ्याला गावी जाणार असाल आणि 'शहरातून इंजिनिअर आलाय' म्हणून तुम्हालाही कुणी खुर्चीत बसवलं, तर बसा. फक्त गुण लिहायच्या आधी पोराच्या हातात दोरी द्या आणि म्हणा, चार पावलं चालव बरं.