आधी विचारा, 'कधी आणि का?'

कट्ट्यावर आरक्षणाचा विषय निघाला, की आवाज चढतात. कुणी म्हणतं, हे मंडलपासून, १९९० पासून सुरू झालं. कुणी म्हणतं, राज्यघटनेपासून. जरा आणखी मागे चला. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. का? तर १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ पैकी ६० जागांवर एकाच जातीचे अधिकारी होते. शिवाय नुसत्या हुकमाने भागणार नव्हतं. शिकलेली मुलंच नसतील, तर जागा भरणार कोण? म्हणून वसतिगृहांना बळ दिलं, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं.

हे कळल्यावर तुमचं मत बदलेलच असं नाही. बाजूने बोला, विरोधात बोला. पण वादाचा प्रश्न नक्की बदलेल. 'कुणाला काय फुकट मिळालं' याऐवजी 'तेव्हाची अडचण आज कितपत उरलीय' असं तुम्ही विचाराल. पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढं कराच.