जन्मखुणेचा बाजार आणि कामगाराचे मूल

अधारताल (जबलपूर)

जन्मखूण ही सौंदर्याची बाब आहे, आरोग्याची नव्हे, ही समजूत राज्यकर्त्यांना फार सोयीची आहे. 'सौंदर्य' हा शब्द उच्चारला की खर्चाची जबाबदारी आपोआप झटकता येते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने सौंदर्योपचार वगळले. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने तपासणीसाठी ३० विकारांची यादी केली. दुभंगलेला ओठ आणि वाकडी पावले तीत आहेत, आणि ते रास्तच आहे. जन्मखुणेला मात्र तीत जागा मिळाली नाही. आपलेच काही साथी जेव्हा विचारतात की, जेथे भाकरीची भ्रांत आहे तेथे अंगावरच्या डागाची चर्चा कशाला, तेव्हा तेही नकळत याच समजुतीला दुजोरा देत असतात.

अधारताल बाहेरगावच्या वाचकांना कृषी विद्यापीठामुळे ठाऊक असेल. १९५६ पर्यंत नागपूरशी एका प्रांतात नांदलेल्या या शहरात मराठी घरेही आहेत आणि मराठी अंधश्रद्धाही आहेत. येथील एखाद्या कंत्राटी कामगाराच्या घरी मूल जन्मले असे समजा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पापणीवर लाल ठिपका उमटतो आणि पाहता पाहता फुगू लागतो. पहिला खटला भरतो तो बाळंतिणीवर: हिने ग्रहणात विळी हातात धरली असणार! मुलगी असेल तर लग्नाच्या बाजारातील तिची किंमत पाळण्यातच घटते.

या आरोपाचे उत्तर शास्त्राने दिलेले आहे. चेहऱ्यावरील गडद तांबडे, मद्याच्या रंगाचे डाग गर्भाच्या वाढीत एका पेशीच्या जनुकात झालेल्या बदलातून उद्भवतात, हे २०१३ साली सिद्ध झाले. हा बदल गर्भधारणेनंतर घडतो. तो आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. विळीचा व ग्रहणाचा तर संबंधच नाही.

आता 'केवळ सौंदर्य' या युक्तिवादाकडे वळू. पापणीवरची ती लाल गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांची वाढ होय. ती डोळा झाकू लागली तर दृष्टी कायमची अधू होऊ शकते. कपाळावर व वरच्या पापणीवर तांबडा डाग असलेल्या काही मुलांना झटके येतात, डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो. त्यांचे डोळे जन्मापासून तपासत राहावे लागतात. फार मोठ्या काळ्या, केसाळ डागात पुढे कर्करोगाचा धोका असतो. हे सारे सौंदर्यशास्त्राचे प्रश्न आहेत काय?

उलट, ज्यांना उपचाराची गरजच नाही अशाही खुणा पुष्कळ आहेत. तान्ह्या बाळाच्या पाठीवरचा निळसर डाग बहुधा बालपणीच विरून जातो. परंतु 'थांबा, आपोआप जाईल' या सल्ल्यातून नफा होत नाही. बाजार मलम विकतो. १९७५ साली फेअर अँड लव्हली हे नाव घेऊन आलेल्या व २०२० साली नुसते नाव बदललेल्या मलमाने गोरेपणाची जी भूक निर्माण केली, तिच्या आधारावर स्टेरॉइडयुक्त मलमांचाही धंदा फोफावला. अखेर २०१८ साली सरकारला अशा १४ औषधांवर चिठ्ठीची अट घालावी लागली. जन्मखूण या मलमांनी जात नाही. कातडी मात्र पातळ होते.

खरा उपचार कोणता, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तांबड्या डागांवर ठरावीक तरंगलांबीच्या लेसरचा उपाय आहे. त्यामागचे तत्त्व १९८३ साली मांडले गेले. अनेक बैठका लागतात, डाग पुष्कळदा फिका होतो, पण पूर्णपणे क्वचितच जातो. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य तोच प्रकाश शोषून घेत असल्याने भाजण्याचा व नवे डाग पडण्याचा धोका अधिक. म्हणून अनुभवी हात हवेत. डोळ्याभोवतीच्या निळ्या-करड्या डागांना निराळा लेसर लागतो. काळ्या केसाळ डागांवर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करावी लागते. ज्या रुग्णालयांत हे सारे होते, तेथे रोजंदारी बुडवून महिन्यामागून महिने जाणे कोणाला परवडते?

आणि लाल गाठीचे औषध? त्याची कहाणी बोलकी आहे. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, हृदयविकारासाठी दिलेल्या प्रोप्रानोलॉलने बालकांच्या या गाठी ओसरतात. हे औषध १९६० च्या दशकातले, आपल्याकडे स्वस्त गोळ्यांच्या रूपात सर्वत्र मिळणारे. शोध लागला सार्वजनिक रुग्णालयात. परंतु बालकांसाठीच्या द्रवरूपाचा व्यापार पेटंटाच्या आधारे एका खासगी कंपनीच्या हाती गेला!

गोळी स्वस्त असली तरी ती घरच्या घरी देण्याची नव्हे. मात्रा बाळाच्या वजनावर ठरते. आधी हृदय तपासावे लागते, दूध पाजूनच औषध द्यावे लागते, आणि बाळ दूध घेईनासे झाले तर ते थांबवावे लागते. नाहीतर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. उपचार निदान सहा महिने चालतो. मुख्य म्हणजे तो वेळेत सुरू व्हावा लागतो, कारण गाठीची वाढ सर्वांत झपाट्याने होते ती पाचव्या ते आठव्या आठवड्यात. सातव्या महिन्यात कोणी सुजाण डॉक्टर भेटला तर गेलेली संधी परत येत नाही.

म्हणजे येथे अभाव महागड्या यंत्राचा नाही; अभाव आहे तो पहिल्या महिन्यात बाळाकडे पाहणाऱ्या जाणत्या नजरेचा. बाळंतिणीच्या घरी आशा कार्यकर्ती जातेच. लाल फुगणारी गाठ, डोळ्याजवळचा तांबडा डाग व मोठा काळा डाग, या तीन गोष्टी ओळखण्याचे प्रशिक्षण व त्या कामाचे रास्त मानधन तिला मिळाले पाहिजे. अशी बालके शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, १९५५ पासून चालत आलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात थेट पाठवली गेली पाहिजेत. तीस विकारांच्या यादीत एकतिसावी नोंद व्हावी, ही मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत बोनसच्या शेजारी लिहिण्यास कोणाला संकोच वाटत असेल, तर त्याने त्या पापणीवरच्या गाठीखालचा डोळा एकदा पाहून यावे.