काडी ओढण्यापूर्वीचा हिशेब

माती परीक्षणाचा अहवाल हातात पडला की आपली नजर आधी नत्र, स्फुरद, पालाशाच्या आकड्यांवर जाते आणि तिथून थेट खताच्या दुकानाकडे वळते. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबींची नोंद असते. त्यातल्या सेंद्रिय कर्बाच्या ओळीपाशी फारच थोडे थांबतात. वास्तविक 0.5 टक्क्याच्या खाली कर्ब असलेल्या रानात बाकीच्या आकड्यांचा फारसा भरवसा धरता येत नाही. जिवाणूंना खायला काही नसते, माती पाणी-हवा धरत नाही आणि घातलेल्या खताचा मोठा भाग पिकाच्या तोंडी लागत नाही. उसाचे एकरी टनेज घसरले की आपण खताचे एक पोते वाढवतो. रान मात्र आतून रिकामेच राहते.

ऊस उत्पादकांशी हे आत्ताच बोलायचे कारण म्हणजे तोडणी सुरू आहे आणि टोळी फडातून बाहेर पडली की पाचट पेटते. एकरी साधारण चार टन पाचट निघते. त्यात नत्र अर्धा टक्का, पालाश एक टक्क्याच्या आसपास आणि सेंद्रिय कर्ब सुमारे 30 टक्के असतो. म्हणजे एका एकरात अठरा-वीस किलो नत्र आणि बाराशे किलो कर्ब. पालाश राखेत उरते, पण नत्र आणि कर्ब जवळजवळ सगळाच धुरावाटे जातो. वरच्या थरातले जिवाणू होरपळतात ते वेगळेच.

पाचट ठेवले की वर्षात जमीन बदलते, असे सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. एक एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन ढोबळमानाने आठ-नऊ लाख किलो भरते. तिचा कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा तर आठशे-नऊशे किलो कर्ब मातीत टिकायला हवा. पाचटातल्या बाराशे किलोंपैकी बहुतेक जिवाणू खाऊन हवेत सोडतात, पाचवा-सहावा हिस्सा उरला तरी पुष्कळ. म्हणजे एवढ्याशा वाढीला चार-पाच वर्षे सलग लागतात. मध्ये एकदा काडी ओढली की त्या वर्षाची भर गेली, आणि वरचेवर खोल नांगरट केली की साठलेलाही झपाट्याने जळतो. म्हणून आमचा आग्रह लागण, खोडवा, जमल्यास निडवा अशा सगळ्या साखळीसाठी आहे, एका हंगामापुरता नाही.

पाचट पेटवणारा शेतकरी अडाणी असतो, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. पहिले पाणी सरीतून पुढे सरकत नाही, पाळी संपते तरी शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात. उंदीर होतात. खोडवा पिवळा पडतो. शेजाऱ्याच्या बांधावरून ठिणगी आली तर पाचटाबरोबर फुटवेही जातात. पैकी पिवळेपणाचे कारण नीट समजून घ्यायला हवे. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे असते, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि कोवळ्या फुटव्यांची उपासमार होते. त्यावर उपाय आहे: टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू. आधी बुडख्यांवरचे पाचट बाजूला सारून सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटून त्यांवर बुरशीनाशक फवारावे, मग हे मिश्रण पाचटावर टाकून पाणी द्यावे. पुढचे खत पहारीने भोके घेऊन मुळांशी द्यावे. पहिल्या पाण्याला वेळ लागतोच. मात्र एप्रिल-मे महिन्यांत ओल टिकते आणि पाळी लांबली तरी खोडवा तग धरतो.

चोपण आणि पाणथळ रानांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे आधी निचरा, पाचट नंतर. कृष्णाकाठच्या कित्येक रानांत चर काढल्याशिवाय कोणत्याही सेंद्रिय खताचा उपयोग होणार नाही.

जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरच्या पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घालण्याचा आग्रह धरला होता. आपल्या रानात तयार झालेले चार टन मात्र आपण स्वतः जाळतो, याची आम्हाला खंत वाटते. कारखान्यांच्या ऊस विकास विभागांनी नुसती पत्रके वाटून भागणार नाही. बुडखे छाटायला आणि पाचट बारीक करायला यंत्र हवे असते, ते तोडणीनंतर आठवड्याच्या आत बांधावर पोहोचायला हवे. उशिरा पोहोचले तर काडीच स्वस्त पडते.

ज्या वाचकांनी सलग तीन-चार वर्षे पाचट ठेवले आहे, त्यांनी यंदा ऊस तुटल्यावर, खत घालण्याआधी, त्याच रानातून मातीचा नमुना घ्यावा आणि जुना-नवा असे दोन्ही अहवाल आमच्याकडे पाठवावेत. कर्ब वाढला नसेल, तरीही पाठवा. ते आकडे आम्ही जसेच्या तसे छापू.