विश्लेषण : क्रीडा व्यवस्थापनात करिअर म्हणजे आयपीएलची नोकरी नव्हे, मग काय?

हेलसिंकी, जुलै १९५२. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीविरुद्धची दमछाक करणारी लढत संपवून नुकतेच बाहेर आले होते. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तरी त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले आणि आक्षेप घ्यायला भारतीय पथकातील एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे त्या लढतीबद्दल सांगितले जाते. खाशाबांनी त्यातूनही कांस्यपदक आणले. नियमपुस्तिका हातात घेऊन पंचांसमोर उभा राहणारा माणूस त्या दिवशी नव्हता. क्रीडा व्यवस्थापन हे त्या माणसाचे काम.

आज मात्र ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’ म्हटले की बारावी झालेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र येते. गळ्यात आयपीएलचे ओळखपत्र, शेजारी खेळाडूंची बस, इन्स्टाग्रामवर वानखेडेतला फोटो. हेच चित्र दाखवून महागडे अभ्यासक्रम विकले जातात. या क्षेत्रात काम आहे आणि ते वाढतेही आहे. पण ज्या दाराशी रांग लागली आहे ते दार अरुंद आहे आणि जिथे माणसांची खरी गरज आहे तिकडे फारसे कुणी फिरकत नाही.

काम नेमके काय असते?

खेळाडूचा व्यवस्थापक म्हणजे जाहिरातींचे करार आणणारा, ही सर्वात मोठी गैरसमजूत. तोही कामाचा भाग आहेच. १९९५ मध्ये मार्क मॅस्करेन्हस यांच्या वर्ल्डटेलने सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांसाठी सुमारे ३० कोटी रुपयांचा करार केला, तेव्हा हा व्यवसाय भारतात पहिल्यांदा ठळकपणे दिसला. पण रोजचे काम याहून खूपच कमी चकचकीत असते.

उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीतील खेळाडूचे उदाहरण घ्या. आपण कुठे असणार याची माहिती त्याला तीन-तीन महिन्यांची आगाऊ भरावी लागते. शिवाय दररोज ६० मिनिटांची एक वेळ द्यावी लागते आणि त्या वेळेत तो सांगितलेल्या ठिकाणी सापडलाच पाहिजे. बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली की तो उत्तेजकविरोधी नियमांचा भंग ठरतो. एकही गोळी न घेता दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. शिबिराची जागा अचानक बदलली, रेल्वे चुकली, मोबाइलमधली नोंद बदलायची राहून गेली, असे तीनदा झाले की संपले. सर्दीच्या औषधातला घटक बंदीच्या यादीत आहे का, नेमबाजाची बंदूक विमानातून नेण्याची परवानगी आली का, बक्षिसाच्या रकमेवरचा कर भरला का, व्हिसा कुठे अडकला, हे सगळे पाहणारा माणूस म्हणजे व्यवस्थापक. त्याचे काम चोख झाले तर कुणालाच दिसत नाही.

स्पर्धेच्या आयोजनातही हेच. ४ जून २०२५ रोजी बंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. त्यानंतर संघाच्या विपणन प्रमुखासह आयोजक कंपनीतील लोकांना अटक झाली. दोष कुणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण कोणता दरवाजा किती वाजता उघडायचा, पास किती वाटायचे, समाजमाध्यमावर आमंत्रण टाकण्याआधी पोलिसांची परवानगी हातात आहे का, हे प्रश्न म्हणजे कागदी सोपस्कार नव्हेत. ‘इव्हेंट’मध्ये काम करायला आवडेल असे सहज म्हणणाऱ्यांनी ही जबाबदारी आधी समजून घ्यावी.

पैसा एवढा, मग नोकऱ्या कमी का?

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या पाच हंगामांना ९५१ कोटी मिळाले. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण हा पैसा मंडळ, संघमालक आणि खेळाडूंकडे जातो. आयपीएलचे संघ दहाच. त्यांच्या कार्यालयांत बारा महिने पगारावर असणारी माणसे मोजकी. बाकीचा मोठा ताफा हंगामापुरता, कंत्राटावर. दोन-अडीच महिने श्वास घ्यायला फुरसत नाही आणि नंतर पुढच्या फोनची वाट.

हंगाम होईलच, याचीही खात्री नाही. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर थांबली ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली सात वर्षे तिथे काम केलेल्यांनी काय करायचे? इंडियन सुपर लीगचे प्रकरण तर ताजे आहे. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील १५ वर्षांच्या कराराची मुदत संपत आली, पुढचे काही ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये लीग स्थगित झाली. ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीने मुख्य संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ‘ड्रीम११’ नाहीसे झाले. जर्सीला नवा प्रायोजक लगेच मिळाला. प्रायोजकाच्या जिवावर उभ्या असलेल्या छोट्या स्पर्धांचे तसे नसते.

म्हणजे या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने नोकरीची नव्हे, तर एकामागून एक मिळणाऱ्या कामांची तयारी ठेवायला हवी. अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकात हे ठळक अक्षरांत छापले जात नाही.

अभ्यासक्रमाची फी भरावी का?

पर्याय आहेत. कोलकात्याच्या आयआयएसडब्ल्यूबीएममधील अभ्यासक्रम जुना. पुण्यात सिम्बायोसिसची क्रीडा विज्ञानाची संस्था आहे. मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये क्रीडा व्यवस्थापनाची संस्था काढली. (१९९७ मध्ये कोलंबोत कसोटीतील आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे ते हेच कुलकर्णी. त्या डावात श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या आणि कुलकर्णींना दुसरा बळी मिळाला नाही. सुरुवात झोकात झाली म्हणून पुढचे सोपे जाते असे नाही, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नसेल.) परदेशात फिफाशी जोडलेला ‘फिफा मास्टर’ इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांत शिकवला जातो.

चांगल्या संस्थेतून ओळखी मिळतात आणि या धंद्यात ओळखीचे मोल मोठे आहे, हे मान्य. तरीही बारावीनंतर लगेच, एकाही स्पर्धेत काम न करता, घरच्या जमिनीवर किंवा दागिन्यांवर कर्ज काढून हा अभ्यासक्रम निवडणे शहाणपणाचे नाही. फी भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारावा : मागच्या तीन तुकड्यांतील किती जण आज, हंगाम संपल्यानंतरही, क्रीडा क्षेत्रात पगारावर आहेत? ‘१०० टक्के प्लेसमेंट’ या शब्दांत दोन महिन्यांची इंटर्नशिपही मोजली जाते. उत्तर लेखी मिळत नसेल तर तेच उत्तर समजावे.

इंजिनीअर, वकील, सीए यांना जागा आहे?

आहे, आणि बहुधा इतरांपेक्षा अधिक. दुसरे एखादे कौशल्य पक्के असलेला आणि खेळ समजणारा माणूस इथे टिकतो; हंगाम बंद पडला तरी त्याचे घर चालते.

संघाबरोबरचा व्हिडीओ विश्लेषक पाहा. प्रत्येक चेंडूची दिशा, टप्पा, फटका याची नोंद करायची, रात्री त्यातून फलंदाजनिहाय तुकडे कापायचे आणि सकाळी प्रशिक्षकाला पाच मिनिटांत समजेल असे दाखवायचे. कबड्डीत हेच काम चढाईपटूवर होते : तो कोणत्या बाजूला अधिक वळतो, बोनससाठी कधी जातो, ‘करो या मरो’ चढाईत घाईला येतो का. लॅपटॉप, एक्सेल, थोडे कोडिंग आणि खेळाची जाण एवढ्यावर सुरुवात होते. यासाठी एखाद्या क्लबच्या दहा सामन्यांचे विश्लेषण करून दाखवणे कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

वकिलांचे क्षेत्र तर आता उघडते आहे. पॅरिसमध्ये विनेश फोगट १०० ग्रॅम वजनामुळे अपात्र ठरली, तेव्हा क्रीडा लवाद नावाचे काही असते हे अनेकांना पहिल्यांदा कळले. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने देशातही राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. फुटबॉलमध्ये एजंट व्हायचे तर फिफाची परीक्षा आहे. २०२३ पासून ती पुन्हा सुरू झाली असून तिच्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही.

महाराष्ट्रात सुरुवात कुठून करावी?

क्रिकेटपासून थोडे बाजूला होऊन. कबड्डी, खो-खो आणि कुस्ती हे खेळ मराठी मुलांच्या अंगणातले. प्रो कबड्डीत पुणेरी पलटण आणि यू मुम्बा आहेत, अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ मध्ये पुण्यात झाला. गावातल्या तालमीतल्या वस्तादांशी, आखाड्याच्या समितीशी, मुलीला बाहेरगावी पाठवायला कचरणाऱ्या आईशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा व्यवस्थापक मुंबईच्या कार्यालयात बसून तयार होत नाही. मुलींच्या संघांसोबत प्रवास करणाऱ्या महिला व्यवस्थापकांची गरज तर प्रत्येक जिल्ह्यात आहे.

काय बिघडते ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला दिसले. महाराष्ट्र केसरीत निर्णयावरून वाद झाला, मल्लाने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी पदरात पडली. वर्षानुवर्षांची मेहनत, खुराकाचा खर्च, घरच्यांच्या आशा, सारे काही क्षणांत. अशा वेळी मल्लाचा हात धरून त्याला बाजूला नेणारा आणि शांतपणे लेखी आक्षेप नोंदवणारा माणूस शेजारी असणे किती मोलाचे आहे, हे त्या मल्लाच्या घरच्यांना विचारावे. मॅटच्या कडेची ती जागा हेलसिंकीइतकीच अहिल्यानगरमध्येही महत्त्वाची आहे.

शालेय स्पर्धांच्या मोसमात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात हात कमी पडतात. क्रिकेट संघटना गुणलेखकांच्या परीक्षा घेतात. मुंबई आणि पुण्याच्या मॅरेथॉनला दरवर्षी स्वयंसेवक लागतात. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत आणि तिथे अनुभवी माणसे लागतील. तो अनुभव मिळवायला अजून काही वर्षे हातात आहेत.

अडचण एकच, आणि ती उमेदवाराच्या हातातली नाही. या पहिल्या कामांचा मोबदला अनेकदा टी-शर्ट, वडापाव आणि एक प्रमाणपत्र एवढाच असतो. मुंबईत ज्याचे घर आहे त्याला दोन महिने फुकट राबणे परवडते. परभणीहून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्याला नाही. अशाने खेळाची सर्वाधिक जाण असलेली मुले पहिल्याच पायरीवर गळतात. हजारो कोटींचे हक्क विकणाऱ्या लीगना इंटर्नला किमान वेतन देणे जड नाही. राज्याने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी विद्यावेतनासह एका मोसमासाठी जिल्हा क्रीडा कार्यालयांत पाठवले, तर कार्यालयांना माणसे मिळतील आणि मुलांना भाड्याचे पैसे.