चूर्णाने फरक पडला, पण कशाच्या तुलनेत?

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ आलं की आठवड्याभरात घरात एखादी बाटली येतेच. कुणी भुईआवळा सुचवतं, कुणी कुटकी, कुणी आरोग्यवर्धिनी. तीन महिन्यांनी रक्ततपासणीत यकृताचं एसजीपीटी उतरतं आणि त्या बाटलीचं नाव सोसायटीभर होतं. या स्तंभाकडेही विचारणा होते ती नावाचीच: नेमकं कुठलं घेऊ?

बाटलीशी माझं वैर नाही. ती घेतली नसती तर काय झालं असतं, एवढंच मला कळायला हवं असतं.

मलेशियात ते तपासलं गेलं. मिल्क थिसल या भूमध्य सागराकाठच्या काटेरी झाडाच्या बियांतून सिलिमरिन मिळतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चरबीमुळे यकृताला सूज आलेले 99 रुग्ण होते. साधारण निम्म्यांना 48 आठवडे, रोज तीनदा 700 मिलिग्रॅम सिलिमरिन दिलं. बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. सुरुवातीला आणि शेवटी यकृताची बायॉप्सी. आधी ठरवलेल्या निकषावर अर्क घेणारे 32.7 टक्के सुधारले आणि नुसती गोळी घेणारे 26 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. पण औषधाविना चारांत एक सुधारला, त्याचं काय? तपासणीची तारीख ठरलेला माणूस चालायला लागतो, मिठाईचा डबा बंद ठेवतो, असं मला वाटतं. शिवाय हा आजार स्वतःहूनही खालीवर होतो. सोसायटीतल्या त्या बाटलीच्या यशात यातलं किती, कोण सांगणार?

सिलिमरिन मोडीत काढावं असंही नाही. व्रणांची जाळी, म्हणजे फायब्रोसिस, अर्क घेणाऱ्यांपैकी 22.4 टक्क्यांत घटली, इतरांत 6 टक्क्यांत. मोठी चाचणी व्हावी इतका हा धागा बळकट आहे. फक्त तो डोस दिवसाला 2100 मिलिग्रॅमचा होता. 140 मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर रोज पंधरा!

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?’ फोडणीतल्या हळदीने नाही. पण हळदीतलं कुरक्युमिन सहज शोषलं जात नाही म्हणून कॅप्सूलमध्ये बरेचदा मिऱ्यातलं पिपरिन घालतात आणि त्याने शोषण कित्येक पटींनी वाढतं. अमेरिकेत 2022 मध्ये हळदीच्या पूरकांनी यकृताला इजा झालेल्या 10 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. मुंबईतल्या डॉक्टरांनीही 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. असे रुग्ण थोडे, हे मान्य. पण बाटली घेणाऱ्याचं यकृत आधीच आजारी असतं.

वजन उतरवण्याचा पुरावा मात्र भक्कम आहे. 2015 च्या क्यूबातल्या अभ्यासात वर्षभरात दहा टक्के किंवा अधिक वजन घटवणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांची सूज गेली. असे लोक होते 293 पैकी 29. बाटलीचा खप उरलेल्या 264 जणांवर चालतो.